केगचं झाकण गळतंय? प्रेशर वाढवू नका, आधी कमी करून बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी केगचं झाकण उघडून, रिंग बदलून, साबणाच्या पाण्याचे फुगे दाखवले. व्हिडिओत हात दिसतात, काम दिसतं, पण त्यामागची गोष्ट सांगायला वेळ पुरला नाही. ती इथे लिहितो. ज्यांना फक्त दुरुस्ती हवी आहे त्यांनी सरळ "गळती शोधायची कशी" इथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. पण दुकानात हाताखाली एक जरी माणूस असेल, तर कृपया पहिल्यापासून वाचा. कारण माझं मोठं नुकसान रिंगमुळे झालं नाही, माझ्या तोंडामुळे झालं. आणि त्याहून मोठं नुकसान होता होता राहिलं.

रविवारी सकाळी साडेसहा

माझं मिरजेतलं दुकान तुम्हाला माहीत आहे. कोकम, आलं-लिंबू असे दोन-तीन प्रकार, हलका गॅस भरलेले, नळावरून ग्लासात. मागच्या खोलीत काचेच्या दाराचा फ्रिज, त्यात १९ लिटरचे दोन केग, बाजूला ५ किलोचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. भिंतीतून नळी पुढच्या काउंटरवर येते. मागच्याच खोलीत आमचा मदतनीस पोरगा रात्री अंथरूण टाकतो. खोलीचं भाडं वाचेल म्हणून मीच त्याला सांगितलं होतं, "आत झोपत जा."

त्या रविवारी एका साखरपुड्याची ऑर्डर होती, १८० ग्लास. २०० मिलीचा ग्लास धरला तर एका केगमध्ये ९५ ग्लास बसतात, म्हणजे दोन केग पुरेसे. शनिवारी संध्याकाळी मी बाहेर होतो. पोराला फोनवर सांगितलं, "कोकमच्या केगमध्ये आल्याचा रस अजून एक लिटर घाल, झाकण लाव, गॅस चालू कर, १२ वर ठेव आणि जा." त्याला चुलतभावाच्या हळदीला गावी जायचं होतं. आठ दिवस आधी रजा मागून ठेवली होती त्यानं.

रविवारी सकाळी शटर वर केलं, मागचं दार उघडलं. नाकात जरा सोडा प्यायल्यासारखं झिणझिणलं. बंद खोली आहे, कोकमाचा वास असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. मग सिलिंडरकडे बघितलं तर काटा शून्यावर. फ्रिज उघडला, कोकमचा केग हलवून बघितला, प्रेशर सोडायची रिंग ओढली. फुस्स सुद्धा नाही. आठवडाभरापूर्वी भरून आणलेला सिलिंडर एका रात्रीत रिकामा, आणि कोकम सोड्याचं कोकम सरबत झालेलं.

गॅसवाल्या काकांना फोन केला. रविवार असून त्यांनी गोडाऊन उघडलं. मी केग सोबतच घेऊन गेलो होतो. त्यांनी ४० पीएसआय प्रेशर दिलं आणि केग पाण्याच्या टबात उलटा बुडवला. दहा मिनिटं बघत बसलो. एक बुडबुडा नाही. काका म्हणाले, "अरे, केगला काही झालेलं नाही. कुणीतरी कनेक्टर नीट बसवला नसणार."

झालं. माझ्या डोक्यात उत्तर पक्कं झालं. कुणीतरी म्हणजे कोण? मी तिथूनच पोराला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. हळदीच्या मांडवात होता तो, मागे हलगी वाजत होती. "५०० रुपये पगारातून कापतो," असंही म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही म्हणालात १२ वर ठेव. मी १२ वरच ठेवलं."

ऑर्डर कशीबशी निभावली. आलं-लिंबूचा केग ठीक होता, तो गेला. कोकम साधं सरबत म्हणून दिलं आणि बिलात १५०० रुपये कमी केले. यजमान चांगले होते, काही बोलले नाहीत. पण परत फोनही आलेला नाही.

आईच्या कुकरनं केलेली मदत

सोमवारी संध्याकाळी घरी जेवायला बसलो होतो. आई वरणाचा कुकर लावत होती. आमचा कुकर हॉकिन्सचा, म्हणजे झाकण तिरकं करून आत घालायचं आणि मग आतून वर ओढून बसवायचं, तो. गॅस पेटला आणि थोड्या वेळात झाकणाच्या कडेनं वाफ यायला लागली. मी म्हटलं, "आई, रिंग गेली वाटतं." ती म्हणाली, "काही गेली नाही. वाफ धरली की बसतं ते आपलं आपण. नाहीतर जरा हँडल वर ओढायचं." तिनं हँडल धरून जरा वर ओढलं. वाफ थांबली. दोन मिनिटांत शिट्टी.

माझा घास हातातच राहिला. केगचं झाकण हुबेहूब असंच बसतं.

काकांनी ४० वर तपासलं होतं. केग मात्र रात्रभर १२ वर होता. ४० वर न गळणारं झाकण १२ वर गळू शकतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आपली सवय उलटी आहे. टाकी असो, टायर असो, पाइप असो, प्रेशर जास्त तर गळती जास्त, हेच आपण आयुष्यभर बघितलेलं असतं.

हा केग मुळात आला कुठून

थोडक्यात सांगतो, कारण यावरून त्याची रचना लक्षात राहते. ज्याला सगळे "कॉर्नी केग" म्हणतात तो अमेरिकेतल्या कॉर्नेलियस या कंपनीच्या नावावरून. मुळात हे स्टीलचे उंच डबे कोल्ड्रिंकचं सिरप हॉटेलांपर्यंत न्यायला होते. पेप्सीवाले बॉल लॉक जोडणीचे वापरायचे, कोकवाले पिन लॉकचे. पुढे सिरप खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत यायला लागलं आणि हे हजारो केग रिकामे पडले. तिकडे १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरी स्वतःपुरती बीअर करायची केंद्रीय पातळीवर मोकळीक झाली होती. घरी बीअर करणाऱ्यांनी हे जुने केग स्वस्तात उचलले. आज इंटरनेटवर केगची जी काही माहिती मिळते, ती बहुतेक त्या मंडळींनी स्वतःचे हात भिजवून जमवलेली आहे.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. पण कोकम, आलं, लिंबू, कोम्बुचा, कोल्ड कॉफी यांच्यासाठी तोच केग उत्तम चालतो. आणि झाकण तेच, रिंग तीच, गळतीही तीच.

झाकण बसतं कसं

केगचं तोंड गोल नाही, लांबट आहे. झाकणही लांबट. त्याच्या कडेला एक जाड रबरी ओ-रिंग. झाकण तिरकं करून आत घालायचं, सरळ करायचं, वर ओढायचं आणि वरची तारेची कडी खाली दाबायची. कडीचे दोन पाय केगच्या माथ्यावर टेकतात आणि झाकणाला वर उचलून धरतात.

आता नीट लक्ष द्या. कडीचं काम फक्त झाकण जागेवर धरायचं. घट्ट बंद करायचं काम कडीचं नाही, ते आतल्या गॅसचं. आतून प्रेशर झाकणाला वर ढकलतं, रिंग तोंडाच्या कडेवर चेपली जाते आणि फट बंद होते. प्रेशर जास्त असेल तर रिंग जास्त चेपते. प्रेशर कमी असेल, आणि रिंग जुनी होऊन कडक झालेली असेल, तर कुठेतरी एका कोपऱ्यात केसाएवढी फट राहते. रेग्युलेटर बिचारा आपलं काम करतो. केगमधलं प्रेशर जरा उतरलं की सिलिंडरमधून नवा गॅस सोडतो. तो पुन्हा फटीतून जातो. रात्रभर हेच.

पोरानं काही चुकवलं नव्हतं. झाकण लावलं, कडी दाबली, १२ वर ठेवलं. मी सांगितलं तेवढं सगळं केलं. जे मी सांगितलंच नव्हतं, तेवढंच राहिलं.

गळती शोधायची कशी

मंगळवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी हे सगळं क्रमानं केलं. तुम्हीही याच क्रमानं करा.

१. सिलिंडरचं वजन करा. गेजवर विसंबू नका. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. जोपर्यंत आत थोडा तरी द्रव आहे तोपर्यंत गेजचा काटा जवळजवळ तिथेच राहतो, आणि द्रव संपला की भराभर खाली येतो. म्हणजे काटा हलेपर्यंत माल गेलेला असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. दुकानातल्या काट्यावर ठेवा, रिकामं वजन वजा करा, रेग्युलेटर लावलेला असेल तर त्याचंही करा. उरला तो गॅस.

२. केग रिकामा आणि कोरडा घ्या. माल भरलेल्या केगवर गळतीची चाचणी फसवी असते. पेयात अजून गॅस मुरायचा असेल तर ते वरचा गॅस पिऊन टाकतं आणि प्रेशर उतरतं. गार केलं की अजून उतरतं. आपल्याला वाटतं गळतंय. मी स्वतः यात एक चांगली रिंग फेकून दिलेली आहे.

३. आधी कमी प्रेशर द्या. ५ पीएसआय. फ्रिज किंवा पंखा बंद करा आणि कान लावा. मग एका वाटीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे थेंब घालून ब्रशनं झाकणाच्या कडेला फिरवा. घरी नवा सिलिंडर लावताना शेगडीच्या नळीला लावतो तसंच. माझ्या केगला ५ वर एका कोपऱ्यात फेस वाढताना स्पष्ट दिसला. मग १२ वर नेलं, तरी फेस. ३० वर नेलं तर टप्प असा बारीक आवाज आला आणि फेस थांबला. काकांच्या टबात काही का दिसलं नव्हतं, ते तिथे कळलं.

४. फक्त झाकणावर थांबू नका. बाकीच्या जागाही तपासा: झाकणावरचा प्रेशर सोडायचा व्हॉल्व्ह, गॅस आत जायची आणि माल बाहेर यायची अशा दोन्ही पोस्ट, त्यांच्या मुळाशी असलेल्या छोट्या रिंगा, कनेक्टर, नळीच्या क्लिपा, रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यातला वायसर. साबण सगळीकडे लावा. एक गळती सापडली की माणूस खूश होऊन दुसरी शोधत नाही.

५. शेवटी रात्रभराची परीक्षा. रिकाम्या केगला ३० वर बसवून १२ वर आणा, गॅसची नळी काढा आणि सकाळी गेज लावून बघा. खोलीचं तापमान साधारण तेच असेल तर काटाही साधारण तिथेच हवा.

दुरुस्ती, स्वस्तापासून महागाकडे

झाकणाला हात लावण्याआधी गॅस बंद करा आणि प्रेशर पूर्ण सोडा. आत प्रेशर असताना कडीशी ताकद लावायची नाही. केगवर जास्तीत जास्त प्रेशरचा आकडा कोरलेला असतो, जुन्या कॉर्नी केगवर बहुतेक १३० पीएसआय. आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नाही. आणि रेग्युलेटरशिवाय सिलिंडर केगला कधीच जोडायचा नाही, कारण सिलिंडरच्या आत ९०० पीएसआयच्या आसपास प्रेशर असतं.

पहिलं, धुवा. रिंग काढा, कोमट पाणी आणि साबण. रिंगची खाच आणि तोंडाची आतली कड बोटानं पुसा. साखरेचा थर, कोकमाचा चोथा, एखादा केस, एवढ्यानंही झाकण गळतं. तारेची घासणी वापरू नका. कडेवर ओरखडा पडला की तो कायमचा.

दुसरं, रिंग बघा. बोटांत दाबून फिरवा. एका बाजूनं चपटी झाली आहे का, बारीक चिरा आहेत का, ताणल्यावर पांढरट रेषा दिसतात का. माझी रिंग एका बाजूनं इतकी चपटी झाली होती की टेबलावर ठेवली तर तेवढा भाग बसका दिसत होता.

तिसरं, ग्रीस. खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस, बोटावर मुगाच्या दाण्याएवढं, सगळीकडे पातळ. रिंग चमकली पाहिजे, चिकट व्हायला नको. रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर अजून कमी लावा, जास्त लावलं तर ती फुगू शकते. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियममुळे काही रबरं फुगतात आणि मऊ पडतात. शेंगदाण्याचं तेल तर नकोच, आठ दिवसांत खवट वास येईल.

चौथं, झाकण फिरवा. लांबट झाकण दोन्ही बाजूंनी बसतं. एका बाजूनं गळत असेल तर अर्धं वळसा फिरवून लावा. ज्या बाजूनं बसलं त्या बाजूला झाकणावर आणि केगवर मार्करनं खूण करा. फुकटची दुरुस्ती आहे, आणि बऱ्याचदा एवढ्यात भागतं.

पाचवं, कडीचे पाय. पायांना रबरी टोप्या असतात. त्या झिजल्या की कडी सैल बसते आणि झाकण वर ओढलं जात नाही. टोप्या बदला. नसतील मिळत तर जाड नळीचे दोन छोटे तुकडे कापून पायांत घाला. कडी दाबताना हाताला थोडा विरोध जाणवला पाहिजे.

सहावं, नवी रिंग. जुनी रिंग दुकानात दाखवून "अशीच द्या" म्हणू नका. जुनी चपटी झालेली असते, तिच्या मापाची घेतली तर नवीसुद्धा गळेल. केगचा प्रकार सांगून मागा. कमी प्रेशरवर चालवायचं असेल तर मऊ आणि थोडी जाड रिंग चांगली बसते. गाड्यांच्या किंवा हायड्रॉलिकच्या दुकानातली काळी रिंग मापाला बसेल, पण ती खाण्यापिण्यासाठी बनवलेली आहे याची खात्री नाही. आणखी एक गोष्ट, रबर वास धरतं. आल्याच्या केगची रिंग कोल्ड कॉफीच्या केगला लावली तर गिऱ्हाईक पहिल्या घोटाला ओळखतं. केगप्रमाणे रिंगा वेगळ्या ठेवा.

सातवं, केगची कड. तोंडाची कड वाकलेली असेल तर लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हातानं सरळ करता येते, पण खोल चेप असेल तर मोह आवरा. तो केग निवृत्त करा.

आणि शेवटचं, जे मी पोराला कधीच शिकवलं नव्हतं: झाकण बसवणं. झाकण लावा, हातानं वर ओढून मधोमध आणा, कडी दाबा. गॅस ३० पीएसआयवर द्या. टप्प असा आवाज येईल किंवा झाकण किंचित वर सरकलेलं दिसेल. प्रेशर सोडायची रिंग ओढून आतली हवा बाहेर काढा, पुन्हा ३० द्या. असं तीन-चार वेळा. मग गॅस बंद करून प्रेशर उतरवा, रेग्युलेटर १२ वर आणा, साबण लावून बघा आणि मगच दार लावा. सगळं मिळून चार मिनिटं. झाकण उघडलं की दर वेळी हे करायचं, एक चमचा रस घालायला उघडलं असलं तरी.

माझा खर्च १२० रुपयांची रिंग, आणि आधीपासून घरात असलेलं ग्रीस.

काकांचा प्रश्न

मंगळवारी संध्याकाळी काकांना फोन करून मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. कमी प्रेशरवर गळतं, जास्तवर नाही, आईचा कुकर, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ते बरं झालं. पण मला सांग, मागच्या खोलीत रात्री कोण झोपतं का?"

मी म्हटलं, "हो, पोरगा झोपतो. त्या दिवशी गावी गेला होता."

काका काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "गावी गेला म्हणून वाचला असं समज."

फोन ठेवला आणि कागद घेऊन बसलो. बीबीएला असताना गणित कधी एवढं अंगावर आलं नव्हतं. १ किलो कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला की साधारण ५५० लिटर गॅस होतो. माझ्या सिलिंडरमध्ये अंदाजे ३ किलो उरला असावा, म्हणजे १,६५० लिटर. मागची खोली १० फूट बाय ८ फूट, उंची ९ फूट, म्हणजे जवळजवळ २०,४०० लिटर हवा. दार-खिडकी बंद. सगळा गॅस आतच राहिला असता तर हवेत ८ टक्के. प्रत्यक्षात फटीतून थोडा बाहेर जातोच, त्यामुळे आकडा कमी असेल. पण एरवी हवेत हा गॅस ०.०४ टक्के असतो. ४ टक्क्यांना तो जिवाला तातडीचा धोका मानतात. १० टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो.

आणि हा गॅस हवेपेक्षा जड. खाली साचतो. पोरगा जमिनीवर अंथरूण टाकून झोपतो. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला काहीच वास नाही. सकाळी माझ्या नाकात जे झिणझिणलं होतं, ते कोकम नव्हतं.

दोन दिवस मी ५०० रुपये, १५०० रुपये, एक गिऱ्हाईक, एवढाच हिशोब करत होतो. खोलीत माणूस झोपतो ही गोष्ट माझ्या हिशोबात एकदाही आली नव्हती. क्लासमध्ये मी लोकांना "आपली माणसं हीच आपली खरी भांडवल" असं सांगतो. सांगायला काय जातं.

आता दुकानात काय बदललं

पोराचं अंथरूण त्याच रात्री त्या खोलीतून हललं. जवळच एक खोली बघितली, भाडं अर्धं तो, अर्धं मी. सिलिंडर आता मागच्या मोकळ्या बोळात, सावलीत, भिंतीला साखळीनं बांधून उभा आहे. खोलीच्या दाराला खाली जाळी बसवली. रात्री निघताना सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, याला अपवाद नाही. केग नीट बसलेला असेल तर रात्री गॅस चालू ठेवायची गरजच नसते. सकाळी आत जाण्याआधी दार उघडून पाच मिनिटं थांबायचं. गळतीचा संशय असेल तर आत शिरायचंच नाही, आधी बाहेरून गॅस बंद. तुमचं दुकान मोठं असेल, किंवा केग तळघरात असतील, तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म बसवा.

हिशोबाची वहीही बदलली. हलक्या गॅसच्या पेयाला, १९ लिटरच्या एका केगला, मुरवणं आणि नळातून ढकलणं मिळून साधारण २०० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे त्या रात्री माझ्या १५ केगचा गॅस हवेत गेला. आता दर सोमवारी सिलिंडरचं वजन लिहितो आणि आठवड्यात किती केग गेले ते लिहितो. भागाकार २०० च्या आसपास आला तर ठीक. २५०, ३०० यायला लागला की कुठेतरी गळतंय, साबणाची वाटी काढा. यासाठी कुठलं ॲप लागत नाही. वजनकाटा आणि पेन पुरतं. तुमचा धंदा केगचा नसेल तरी हे करून बघा. वडापाववाल्यानं तेलाचं करावं, प्रिंटिंगवाल्यानं शाईचं. एका नगाला किती लागतं हा आकडा माहीत असेल तरच गळती दिसते.

राहिला पोरगा. बुधवारी आला तो गप्पच होता. मी त्याला केगसमोर बसवलं, ५ वर फेस दाखवला, ३० वर थांबलेला दाखवला. म्हटलं, "तुझी चूक नव्हती. मी तुला अर्धंच काम शिकवलं होतं आणि ओरडलो पूर्ण." ५०० रुपये अर्थातच कापले नाहीत. पण हळदीच्या मांडवात, चार पाहुण्यांसमोर त्यानं जे ऐकून घेतलं, ते मला परत घेता येत नाही.

मग झाकण लावायच्या पायऱ्या एका कागदावर लिहिल्या. मी सांगत होतो, तो लिहीत होता, त्याच्या अक्षरात. शेवटची पायरी "साबण लावून बघणे" अशी झाली. तो थांबला आणि म्हणाला, "दादा, त्याच्या आधी अजून एक टाकू का? फ्रिज एक मिनिट बंद करून ऐकायचं. त्या दिवशी कॉम्प्रेसर चालू होता, आवाज आलाच नसता." वर शोधायच्या क्रमात फ्रिज बंद करून कान लावायचं जे लिहिलं आहे, ते माझं नाही. त्याचं आहे.

तो कागद प्लास्टिकमध्ये घालून फ्रिजच्या दारावर लावलाय. तुम्हीही लावा, तुमच्या माणसाच्या अक्षरात. आणि आज घरी जाण्याआधी दोन गोष्टी करा: सिलिंडर काट्यावर ठेवून वजन लिहा, आणि ज्या खोलीत तो आहे तिथे रात्री कोण असतं ते बघा. दुसरी गोष्ट आधी करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि तुमच्याकडे काम करणाऱ्यांची.